ज्याचं वाक्य त्यानं संपवायचं

एकोणीसशे एकाहत्तर साली आमच्या गावचं तळं थंडी सरायच्या आतच आटलं. एरवी उन्हाळ्यात पाणी खाली जायचं, पण मधोमध डोह राहायचा आणि आम्हा दोर वळणाऱ्यांना तेवढा पुरायचा. त्या वर्षी डोहाचा चिखल झाला, चिखलाची खपली झाली, आणि मग तिच्यावरून गुरं खुशाल चालायला लागली. घायपाताची पानं पाण्यात बुडून चांगली कुजली नाहीत, तर त्यांतून वाख म्हणजे दोराचा धागा सुटत नाही. आणि वाखच नाही, तर दोर कशाचा वळणार?

माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं आणि मला दिवस गेलेले होते. घरात माणसं मोजकी. सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणायची, सासूबाई, माझे यजमान, आणि धाकटी नणंद, भिंगरी. भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही, म्हणून चिकटलेलं. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल.

आमचं अंगण रुंदीला जेमतेम आणि लांबीला मोठं होतं. एका टोकाला लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला कुंपण. मामंजी कमरेभोवती वाखाचा भारा गुंडाळायचे, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि उलट पावली चालायला लागायचे. चाक फिरे, आकडा फिरे, आणि त्यांच्या बोटांतून सुटणाऱ्या वाखाला पीळ बसत जाई. उभा जन्म ते असे मागे मागे चालले. कुठे खड्डा आहे, कुठे झाडाचं मूळ वर आलंय, हे त्यांच्या टाचांना पाठ होतं. "सरळ चाललो की मी ठेचकाळतो," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

चाक फिरवायला दुसरं माणूस लागतं. मामंजी लांबून ओरडायचे, "हळू!", "जोरात!", "थांब!" आणि चाकावरच्याने "हो!" म्हणून ओ द्यायची. ओ आली नाही तर ऐकू गेलं की नाही ते कळत नाही, आणि पीळ कमीजास्त झाला की दोर तिथेच तुटतो. एखाद्याचा बैल सुटतो, एखाद्याची बादली विहिरीत जाते, आणि शिव्या वळणाऱ्याला बसतात.

भिंगरीला ओ देता यायची नाही. म्हणजे यायची, पण उशिरा. ती अडखळत बोलायची. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथेच रुतून बसायचं. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि पुढचा शब्द निघेपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हायचा.

घरात तिला कधी कुणी हसलं नाही. उलट सगळे मदतीला धावायचे. तिने "पा" म्हटलं की सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. "व… व…" म्हटलं की, "वेणी घालायची ना? ये, बस." खरं तर तिला वही हवी असायची. पण एवढ्या मायेने कुणी केस हातात धरले की ती मुकाट वेणी घालून घ्यायची. चाकावर ती बसली असेल तर मामंजी ओरडत नसत. सुताला एक झटका दिला की हळू, दोन दिले की थांब. ओ द्यायचीच गरज नाही. ही युक्ती त्यांनी तिच्यासाठी शोधून काढली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती कौतुकाने दाखवायचे.

"बघा," म्हणायचे, "माझ्या पोरीला तोंड उघडायलासुद्धा लागत नाही."

चाकावर एरवी एक मावशी बसायची. जाडजूड, सतत गाणारी, गाण्याच्या तालावर चाक फिरवणारी. त्यामुळे शाळा सुटल्यावर भिंगरी मोकळी असायची आणि गोदामात जायची.

हे गोदाम सोसायटीचं. बियाणं ठेवायला बांधलेलं, पण छप्पर गळतं म्हणून रिकामं पडलेलं. शाळेत एक तरुण मास्तर आले होते, इतके उंच की कुठल्याही दारातून जाताना नमस्कार केल्यासारखे वाकायचे. सगळं गाव त्यांना लंबूमास्तर म्हणायचं. त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षांकडून किल्ली मागून घेतली आणि शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत पोरांना तिथे बसवायला सुरुवात केली. तिथे काय चालतं ते कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे अभ्यास, कुणी म्हणे नाटकं, कुणी म्हणे नुसता धुडगूस.

एकदा सासूबाईंनी मला तिला बोलवायला धाडलं. मी दारातच थांबले. एका कोपऱ्यात पोरं सुताराकडच्या फळकुटांचं काहीतरी ठोकत होती. एक मोठी मुलगी दोन लहानांना बेरीज शिकवत होती आणि स्वतःच चुकत होती. मधे गोल करून बसलेल्या पोरांत भिंगरी उभी, हातात वर्तमानपत्र.

"उ… उद्या," ती वाचत होती, "ह… ह… ह…"

"हवामान!" एक गोलमटोल पोरगा ओरडला. त्याला सगळे बटाटा म्हणायचे.

"बटाट्या," मास्तर मान वर न करता म्हणाले, "वाक्य कुणाचं?"

"तिचं."

"मग संपवायचं कुणी?"

"तिनं," बटाट्या म्हणाला आणि त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मास्तर पेन्सिलीला टोक काढत होते. तिच्याकडे बघतही नव्हते. कुणीच टक लावून बघत नव्हतं. कुणी नख कुरतडत होतं, कुणी चड्डीची नाडी बांधत होतं. जणू त्या अर्ध्या शब्दापाशी थांबणं म्हणजे रस्त्यात म्हैस आडवी आली म्हणून थांबण्यासारखंच, साधं. आणि भिंगरीने मान ताठ केली, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "हवामान को… कोरडं राहील."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बटाट्या एवढंच म्हणाला, "म्हणजे उद्याही पाणी नाही. वाच पुढचं."

ती पुढचं वाचायला लागली. मी तिला बोलवायला आले होते हे विसरूनच गेले.

त्यानंतर काही दिवसांनी घरी जेवताना भिंगरी अचानक मामंजींना म्हणाली, "आबा, का… कालवणात मीठ क…"

"कमी आहे? थांब, देते," सासूबाई उठल्या.

"क… कमी नाही," भिंगरी म्हणाली. सासूबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. "मीठ क… कुणी दोनदा घातलं?"

 मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, ही तर खोड्याही काढते!" ते म्हणाले. "आजवर एवढं पोटात ठेवून बसली होतीस होय गं?" मीठ मीच दोनदा घातलं होतं, पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य त्या घराने पहिल्यांदा ऐकलं होतं.

हे सगळं तळं आटायच्या आधीचं.

तळं आटल्यावर पानं भिजवायला लांबच्या धरणावर न्यावी लागायला लागली. यजमान पहाटे गाडी जुंपायचे ते दिवस कलल्यावर यायचे, सर्वांगाला कुजल्या पानांचा वास घेऊन. त्यांच्या पोटऱ्या चिकाने फुटल्या होत्या. रोज संध्याकाळी सासूबाई त्यांना तेल लावायच्या आणि ते दात आवळून बसायचे. मला वाकता येत नव्हतं, मी बसून वाख विंचरायची. काटेरी फणीवर वाख ओढून ओढून तळहातांना चरे पडले होते आणि पोटातलं बाळ प्रत्येक ओढीसरशी लाथ मारायचं. त्यातच चाकवाली मावशी खडी फोडायच्या कामावर निघून गेली.

"रागावू नका," जाताना ती मामंजींना म्हणाली. "तुमच्याकडे चार दिवस काम आणि चार दिवस बसून. दगड काही आटत नाहीत."

त्या संध्याकाळी मामंजींनी भिंगरीला जवळ बोलावलं. "उद्यापासून शाळा सुटली की सरळ घरी यायचं. चाकावर तू. पाऊसपाणी होईपर्यंतच."

"गो… गो…"

"गोदाम कुठे पळून जात नाही, बाळा. नंतर जा."

भिंगरीने सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग शाळेची पिशवी खुंटीला अडकवली.

दोन-चार दिवसांनी लंबूमास्तर आले. अंगणात दार नव्हतं तरी सवयीने वाकले. मामंजी तेव्हा कुंपणापर्यंत पोहोचले होते, हातातला दोराचा पेड ताणून धरलेला. तो सोडून बोलायला येणं शक्य नव्हतं, त्यामुळे दोघांचं बोलणं अख्ख्या अंगणाच्या लांबीतून, ओरडून झालं.

"मुलगी यायची बंद झाली!"

"घरी काम आहे!"

"थोडा वेळ तरी पाठवा!"

"मास्तर, शाळा सुटेपर्यंत पोर तुमची. सुटली की माझी!"

"शाळेत ती तोंडच उघडत नाही! पन्नास पोरांत तिच्यासाठी थांबायला मला तरी कुठे सवड असते? ती बोलते ती शाळा सुटल्यावर!"

"मग बोलायचंय कुणाशी तिला? इथे तिला न बोलताच सगळं मिळतं!"

 मास्तरांनी बाह्या वर केल्या आणि भिंगरीला म्हणाले, "ऊठ. मी फिरवतो. तू जा."

ती पळालीच. मास्तर चाकापाशी बसले. गुडघे कानाशी आलेले, जणू टोळ बसलाय. पहिल्यांदा हळू फिरवलं, मग घाबरून जोरात. मामंजींनी झटका दिला, तर मास्तरांना वाटलं दोर अडकला, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. सुताला जागोजागी गाठी आल्या आणि मधोमध ते तुटून मामंजींच्या अंगावर चाबकासारखं आलं. गालावर लाल वळ उठला.

"मास्तर," मामंजी गाल चोळत पुढे आले, "तुम्ही शिकवा. हे राहू द्या."

मास्तरांच्या तळहाताला फोड आला होता. तो न्याहाळत ते म्हणाले, "उद्या परत येतो. शिकेन."

"आणि तोवर माझा वाख फुकट घालवू? जिवावर उदार होऊन माणूस एक भारा आणतंय रोज." मामंजी रागाने नाही, अगदी हात जोडून म्हणाले. मास्तरांनी वर केलेल्या बाह्या पुन्हा खाली केल्या. ते परत निघाले तेव्हा सासूबाई तोंडाला हात लावून हसत होत्या. मलाही हसू आलं होतं.

पुढचे दिवस एकासारखा एक. भिंगरी शाळेतून यायची, तोंड धुवायची आणि चाकावर बसायची. डावा हात दुखला की उजवा, उजवा दुखला की डावा. खांदे भरून आले की ती मान एका बाजूला टाकायची, पण चाक थांबवायची नाही. एक झटका, हळू. दोन झटके, थांब. गोदामाकडून पोरांचा गलका वाऱ्यावर यायचा. तेव्हा चाक आपसूक मंद व्हायचं, आणि मामंजींचा झटका बसला की पुन्हा वेग घ्यायचं.

तिची बोटं कामाला बसली तशी जीभ मागे पडली. आधी वाक्यं गेली, मग शब्द. महिन्याभरात ती पुन्हा बोटाने दाखवायला लागली. तांब्या, दिवा, वही. आम्ही द्यायचो.

"किती शहाणी झालीय पोर," सासूबाई एकदा म्हणाल्या. "आवाज नाही की कुरकुर नाही."

त्याच सुमारास वखारवाल्याने सोसायटीकडे गोदाम भाड्याने मागितलं. छप्परही तोच दुरुस्त करणार होता. वखारवाला म्हणजे गावातलं वजनदार माणूस. आमचा दोरही बराचसा तोच उचलायचा. सोसायटीचे अध्यक्ष मात्र सरळ माणूस होते. ते म्हणाले, किल्ली आपण पोरांना दिलीय, तर पोरांचं म्हणणं ऐकूनच ठरवू. पण मास्तरांनी वकिली करायची नाही. पोरांपैकी एकाने सभेत उभं राहून सांगायचं.

पोरांनी भिंगरीला निवडलं.

बटाट्या हे सांगायला घरी आला. "सगळ्यांनी हात वर केले," तो मामंजींना म्हणाला. "मास्तर म्हणत होते, ती बरेच दिवस आली नाही, तिला जड जाईल. आम्ही म्हटलं, तीच. बाकी आम्ही काय, आम्हाला कुठेही बोलता येतं."

मामंजींनी भिंगरीकडे पाहिलं. "सगळ्या गावासमोर? अगं, लोक हसतील."

"म… मी," भिंगरी म्हणाली. सासूबाईंनी तोंड उघडलं, पण भिंगरीने हात वर करून त्यांना थांबवलं. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. "मी ब… ब… बोलणार."

मामंजी बराच वेळ कमरेचा वाख सोडत राहिले. "बरं," ते शेवटी म्हणाले. "पण मी समोर बसेन. कुणी दात काढले तर बघतोच."

तिने वाक्य स्वतःच तयार केलं. एकच, पण घोळवून घोळवून. गोठ्यामागे मी वाख विंचरत बसायची आणि ती माझ्यासमोर उभी राहून म्हणायची. पहिल्या दिवशी निम्म्यातच बसली. मग हळूहळू पुढे जायला लागली. सभेच्या सकाळी ती अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत पोहोचली:

"आम्हाला गोदाम हवं आहे, कारण तिथे आम्हाला कुणी घाई करत नाही."

"बस?" मी म्हटलं. "आणखी काही नको? अभ्यास होतो, गणितं सुटतात, असं काही?"

तिने मान हलवली. "ए… एवढंच खरं आहे, व… वहिनी."

सभा सोसायटीच्या कचेरीपुढे होती, उन्हं उतरल्यावर. पुढे खुर्च्यांवर मोठी माणसं, मागे जमिनीवर बाकीचे. एका बाजूला पोरं ओळीने बसलेली, त्यांच्यामागे मास्तर. मामंजी धुतलेला सदरा घालून पहिल्याच रांगेच्या कडेला बसले होते. मी आणि सासूबाई पायरीच्या कडेला, बायकांमध्ये. माझे पाय सुजले होते म्हणून कुणीतरी मला पोतं दिलं होतं बसायला.

वखारवाला थोडक्यात बोलला. छप्पर, भाडं, सोसायटीचा फायदा. लोकांनी माना हलवल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "हं, आता पोरांचं. ये गं, इथे पायरीवर ये. घाबरू नकोस."

भिंगरी पायरीवर चढली. हात मागे बांधलेले. कडेने तिची बोटं मला दिसत होती, चाकाने सोललेली, एकमेकांत गुंतलेली.

"आ… आम्हाला," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "आम्हाला गो… गो… गोदाम…"

आणि अडली.

मान ताठ झाली. डोळे मिटले. गळ्याची शीर उभी राहिली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि कुणीतरी त्याला दटावलं. वखारवाल्याने घड्याळ पाहिलं. पोरं मात्र हलली नाहीत. बटाट्या जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. एक मुलगी धाकट्या भावाच्या सदऱ्याचं बटण लावत होती. मास्तर वर झाडाकडे बघत होते. ती सगळी थांबली होती, जशी गोदामात थांबायची तशी, आणि मला माहीत होतं की भिंगरी पोहोचणार. सकाळी याच शब्दावर ती याहून जास्त वेळ अडली होती.

मामंजींना ते माहीत नव्हतं. त्यांना फक्त पोरीच्या गळ्याची शीर दिसत होती, आणि चार मोठ्या माणसांचे चेहरे. ते उठले.

"पुरे, पुरे," ते म्हणाले.  "किती छळता पोरीला? गोदाम नसलं तरी चालेल, असं म्हणायचंय तिला. पोरांना घरी कामं असतात. मोठ्या माणसांनी ठरवावं. झालं. ये बाळा, उतर खाली."

भिंगरीने डोळे उघडले.

"नाही," मास्तर उभे राहिले. "तिचं अजून संपलं नाही. तिला बोलू द्या."

"मास्तर, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय ना?" वखारवाला म्हणाला. "आणि बापापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

अध्यक्षांनी भिंगरीकडे पाहिलं. चांगलं, नीट पाहिलं. "काय गं, असंच म्हणायचं होतं ना तुला?"

ती वडिलांकडे बघत होती. मामंजींनी दोन्ही हात पुढे केले होते, ती पहिल्यांदा चालायला शिकत होती तेव्हा केले असतील तसे. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी. सगळ्या गावासमोर त्या माणसाला खोटं पाडायचं, आणि तेही एका शब्दात, जो शब्द यायला वेळ लागणार. तिचे ओठ हलले. मग मिटले. ती पायरी उतरली आणि त्यांच्या हाताशी जाऊन उभी राहिली.

"ठीक आहे तर," अध्यक्ष म्हणाले.

घरी येताना मामंजींनी तिचा हात सोडला नाही. "मी होतो म्हणून बरं," ते सारखं म्हणत होते. "नाहीतर हसं केलं असतं लोकांनी. मी आहे ना. मी असेपर्यंत तुला कुणासमोर तोंड वेंगाडायला लागणार नाही." सासूबाई म्हणत होत्या, "हो, बाई." भिंगरी चालत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी शाळेत गेल्यावर सासूबाई घटकाभर चाकावर बसल्या आणि मामंजींनी पेड धरला. मी विंचरलेला वाख त्यांना द्यायला गेले. का कोण जाणे, पण तो हातात देताना मी म्हटलं, "मामंजी, तिला वेगळं म्हणायचं होतं."

"काय?"

मी तिचं वाक्य सांगितलं. सुनेने सासऱ्याशी इतकं बोलायची रीत नव्हती, त्यामुळे मी खाली बघूनच बोलले.

ते मागे चालायचे थांबले. सासूबाई चाक फिरवतच होत्या, सुताला पिळावर पीळ बसत होता, ते आखडत होतं, त्याची वेटोळी व्हायला लागली होती. मामंजींना ते दिसत नव्हतं.

"घाई?" ते मला म्हणाले. "तिला घाई कोण करतं?"



पाऊस पुढे रीतसर आला आणि तळंही भरलं. पण ज्यासाठी "नंतर जा" म्हटलं होतं ते गोदाम तोवर वखारवाल्याचं झालं होतं. आधी त्याने खताची पोती ठेवली, मग दोन-तीन वर्षांनी प्लास्टिकच्या दोराची रंगीत वेटोळी. तो दोर ओला होत नाही, कुजत नाही आणि त्याला वळायला कुणी लागत नाही. आमचं चाक बंद पडलं ते त्यामुळे. वखारवाल्यावर मी त्याचा राग धरत नाही, त्याने नाही आणला तर दुसऱ्याने आणला असता.

लंबूमास्तरांनी काही दिवस झाडाखाली पोरं जमवून पाहिली. उन्हात, धुळीत ते जमेना. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. नव्या गावी त्यांनी पुन्हा तसंच काही सुरू केलं, असं ऐकलं. देव करो आणि ते खरं असो.

बटाट्या पुढे शहरात जाऊन वकील झाला. गावात आला की बायकांची गाऱ्हाणी ऐकत बसतो, आणि मधे कुणी तोंड घातलं तर त्याला बाहेर काढतो. त्या फळकुटं ठोकणाऱ्या पोरांतले दोघं सुतार झाले. बेरीज चुकणारी मुलगी शिक्षिका. बाकीच्यांचं जसं होतं तसं झालं. शाळा सुटल्यावर ती पारावर बसायला लागली, मग पत्ते खेळायला, मग पोटापाण्याच्या मागे पांगली. त्यांतल्या कुणाचं वाईट झालं असं नाही म्हणता येणार. पण ती गोदामात असताना कशी होती, ते मी दारात उभी राहून पाहिलं होतं. शाळा आणि घर यांच्या मधला तो तास-दीड तास कुणाच्या हिशेबात नव्हता, आणि पोरं नेमकी त्यातच वाढत होती.

अध्यक्ष म्हातारपणी एकदा मला म्हणाले, "मी तिला विचारलं होतं, बरं का." मी म्हटलं, हो, तुम्ही विचारलं होतं.

यजमान सूतगिरणीत लागले. त्यांच्या पोटऱ्यांवरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. त्यांना जाऊन आता दहा वर्षं झाली. सासूबाई त्यांच्या कितीतरी आधी गेल्या, झोपेत. त्या वेळी पोटात असलेला माझा मुलगा आता स्वतः आजोबा व्हायच्या बेतात आहे.

मामंजी सगळ्यांत जास्त बदलले. तिला घाई कोण करतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. भिंगरीचं लग्न व्हायच्या आधीची दोन वर्षं ते तिच्यासमोर जाऊन बसायचे. काहीतरी विचारायचे, साधंच. आज शाळेत काय झालं, गाय दूध का देत नाही. आणि मग थांबायचे. ताकद लावून थांबायचे, ओठ घट्ट मिटून, हात मांडीखाली दाबून. सासूबाई मधे बोलायला लागल्या तर त्यांच्यावर खेकसायचे. पण तोवर भिंगरीने सुरुवात करणंच सोडून दिलं होतं. ती त्यांच्याकडे बघून हसायची, मानेने हो म्हणायची, कधी त्यांच्या हातावर हात ठेवायची. ते तसेच बसून राहायचे, उत्तर अजून यायचं आहे अशा चेहऱ्याने.

भिंगरीला सासर चांगलं मिळालं. नवरा समजूतदार होता. तिने नजर फिरवली की त्याला कळायचं. मुलगाही तसाच निघाला, आईच्या मनातलं ओठांवर यायच्या आत ओळखणारा. सगळे म्हणतात, नशीब काढलं. मीही म्हणते.

आता मला प्रवास होत नाही आणि तिलाही नाही. महिन्यातून एकदा तिचा मुलगा फोन लावतो आणि तिच्या कानाला धरतो. मी इकडचं सगळं सांगते. कोण आजारी, कुणाकडे नातवंड झालं. सांगून झालं की मी म्हणते, "भिंगरे, तू कशी आहेस गं?" आणि गप्प बसते. पलीकडे तिचा श्वास ऐकू येतो. एकदा एक अक्षरही ऐकू आलं, अगदी बारीक, ओठांवर आलेलं. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मामी," तिच्या मुलाचा आवाज आला, प्रेमळ, घाईतला, "आई म्हणतेय, ती मजेत आहे."